मागच्या चाकाचे माप
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांची चर्चा करण्याचा शिरस्ता आहे, त्याच व्यासपीठावरून स्पोर्ट मोटारसायकलीच्या मागच्या टायरचे माप हा विषय मांडण्याची अनुज्ञा संयोजकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो लोकांना आपल्या व्यवहाराविषयी विचार करण्याची सवय लागावी म्हणून. आणि ज्या गडचिरोली जिल्ह्यात आगगाडीची सोय देसाईगंज-वडशापलीकडे पोहोचण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, जेथे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सिरोंचा गाठायला सुमारे २०० किलोमीटरची मजल मारावी लागते, आणि जेथे पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पुनःपुन्हा तुटत आला आहे, त्या मुलखात मोटारसायकलीएवढा लोकव्यवहाराच्या निकट असलेला दुसरा विषय मला तरी दिसत नाही. एमएच ३३ (गडचिरोली) आणि एमएच ३४ (चंद्रपूर) या पाट्या लावून धावणाऱ्या गाड्यांत अलीकडे स्पोर्ट जातीच्या गाड्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. कोळशाच्या खाणीत, सिमेंटच्या कारखान्यात किंवा वीजकेंद्रात ठेकेदाराकडे लागलेला तरुण पहिल्या वर्ष-दोन वर्षांच्या कमाईतून ती हप्त्याने घेतो, आणि गाडी घरी आल्यावर तिच्यात जो पहिला फेरफार करावासा त्याला वाटतो तो बहुधा मागच्या टायरचा असतो.

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एखाद्या टायरच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले तर हा व्यवहार प्रत्यक्ष पाहायला मिळतो. गाडी मधल्या स्टँडवर चढवता येत नाही म्हणून मागून उचलून धरलेली असते, साखळी सैल करून चाक काढलेले असते, रिमच्या कडेला लोखंडी पहार लावून कारागीर जुना टायर उपसत असतो, आणि गाडीचा मालक भिंतीला टेकवलेल्या नव्या टायरांकडे पाहत विचारतो, "यात दीडशेचा टायर बसते का जी?" कारागीर सांगतो, "बसते ना भाऊ." हे उत्तर खोटे नाही. रबर लवचिक असल्यामुळे पुरेशी हवा मारली की एका मापाने रुंद असलेला टायरही रिमच्या कडांवर जाऊन बसतो, मोठा आवाज होतो, आणि मालक समाधानाने पैसे मोजतो. परंतु टायर बसला याचा अर्थ तो त्या चाकासाठी योग्य ठरला असा होत नाही. आणि या दोन गोष्टींतले अंतर काय, एवढेच समजावून सांगण्यासाठी मी आज आपला वेळ घेणार आहे.

प्रथम टायरच्या अंगावर कोरलेला मजकूर वाचू. समजा, तेथे १४०/७० आर १७ असे लिहिले आहे. यातील १४० ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ७० हा आकडा उंचीचा, पण मिलिमीटरमध्ये नव्हे तर रुंदीच्या शेकड्यात, म्हणजे टायरच्या बाजूची भिंत १४० च्या शेकडा ७०, म्हणजे ९८ मिलिमीटर उंच आहे. आर म्हणजे रेडियल बांधणी, अर्थात आतील दोऱ्यांचे थर कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले. आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. त्यापुढे ६६ एच असे काही लिहिलेले असते. ६६ हा भाराचा अंक असून कोष्टकाप्रमाणे तो ३०० किलोग्रॅम दर्शवितो, आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा दर्शविते. एका ओळीत मिलिमीटर, शेकडा, इंच आणि दोन कोष्टकांतील संकेत अशी पाच मापे एकत्र नांदतात, त्यामुळे सामान्य ग्राहक गोंधळतो आणि पहिल्या आकड्यापाशीच थांबतो. आपल्याकडच्या बहुतेक चुकीच्या निवडी या पहिल्या आकड्यापाशी थांबल्यामुळेच झालेल्या असतात.

रुंद टायर म्हणजे वेगवान गाडी, ही समजूत फार जुनी नाही. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या बुलेटला पुढे व मागे ३.२५-१९ या एकाच मापाचे टायर असत. १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स १००, जिच्या चपळपणाची आठवण आजही चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचे डोळे उजळवते, तिचा मागचा टायर २.७५-१८ चा होता, म्हणजे जेमतेम ७० मिलिमीटर रुंद. २००८ साली यामाहाची आर१५ आली तेव्हा तिला मागे १००/८०-१७ चा टायर होता आणि तो बारीक दिसतो अशी तक्रार गिऱ्हाइकांनी केली. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो १३०/७० झाला आणि २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १४०/७० चा रेडियल आला. ही वाढ पाहून तरुणांनी असे अनुमान काढले की कंपनीने जे केले ते आपणही एक पायरी पुढे नेऊ शकतो. परंतु २०११ साली कंपनीने टायर रुंद केला तेव्हा चाकेही नवी दिली, मागचे चाक धरणारा स्विंगआर्म बदलून अॅल्युमिनियमचा केला, आणि त्या सर्व रचनेचा नव्याने हिशेब मांडला. दुकानात उभा असलेला मुलगा यातला फक्त रबराचा भाग बदलतो आणि बाकीची गाडी आहे तशी ठेवतो.

या प्रश्नाचे मर्म रिमच्या रुंदीत आहे, आणि येथे मी जरा अधिक वेळ रेंगाळणार आहे. प्रत्येक टायर एका विशिष्ट रुंदीच्या रिमवर योग्य आकार घेईल अशा रीतीने तयार केलेला असतो. १३०/७० चा टायर सुमारे साडेतीन इंची रिमवर, १५०/६० चा चार इंची वा तिच्याहून किंचित रुंद रिमवर, आणि मोठ्या गाड्यांचा १८०/५५ चा टायर साडेपाच इंची रिमवर आपला खरा गोलवा धारण करतो. मोटारगाडीचा टायर जमिनीवर सपाट टेकतो. मोटारसायकलीचा टायर मात्र कडेपासून कडेपर्यंत कमानीसारखा असतो, कारण गाडी वळणावर कलली की त्याच कमानीचा बाजूचा भाग जमिनीवर यावयाचा असतो, आणि ही कमान किती उतरती असावी हे कारखान्यात अत्यंत बारकाईने ठरविलेले असते. आता हा रुंद टायर अरुंद रिमवर चढविला की त्याच्या दोन्ही कडा एकमेकींजवळ ओढल्या जातात, भिंती आत दबतात, आणि मधला भाग वर उचलला जाऊन कमान टोकदार होते. सरळ चालताना जमिनीला टेकणारी पट्टी त्यामुळे अरुंद बनते आणि मधोमध लवकर झिजते. वळणावर गाडी कलवताना ती आधी अनिच्छेने कलते आणि मग एकाएकी पडल्यासारखी कलते. आणि कडेच्या ज्या रबरासाठी जादा पैसे मोजले तो रबर जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालविलेल्या हातांना हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. नवशिक्याला तो कळत नाही, आणि म्हणून त्याला धोका अधिक असतो.

यात आणखी एक हिशेब आहे, जो कोणी सांगत नाही. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारणपणे पाच मिलिमीटरने घटते. म्हणजे १३० च्या जागी १५० चा टायर साडेतीन इंची रिमवर चढविणाऱ्या मनुष्यास कागदावर २० मिलिमीटर मिळतात आणि चाकावर सुमारे १५ मिलिमीटरच मिळतात. इतक्याशा रुंदीसाठी तो गाडीचा सगळा तोल गहाण टाकतो.

आता ज्या आशेने हा खटाटोप केला जातो त्या आशेकडे वळू. रुंद टायरमुळे जास्त रबर जमिनीला टेकतो आणि म्हणून पकड वाढते, असे समजले जाते. हे अनुमान गणिताच्या कसोटीवर टिकत नाही. टायरच्या आत चौरस इंचास ३० पौंड हवा आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम दाब आहे, आणि मागच्या चाकावर १५० किलोग्रॅम भार आहे, तर तो भार पेलायला सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकावी लागेल, म्हणजे साधारण हाताच्या तळव्याएवढी. टायरच्या भिंतींच्या ताठपणामुळे या आकड्यात थोडाफार फरक पडेल, परंतु टायर १३० चा असो की १५० चा, भार आणि हवा तीच असेल तर क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. बदलतो तो फक्त आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. रुंदीचा खरा उपयोग मोठ्या शक्तीच्या इंजिनाने निर्माण केलेली उष्णता सोसण्यासाठी आणि खूप कललेल्या अवस्थेत जोराने वेग घेण्यासाठी होतो, आणि त्या गरजा दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीच्या वाट्याला येत नाहीत. उलट रुंद टायरचे वजन अधिक असते, त्याला फिरवायला इंजिनाची शक्ती खर्ची पडते, आणि पावसात त्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते.

व्यासाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. १३०/७०-१७ चा बाह्य व्यास सुमारे ६१४ मिलिमीटर, १४०/७०-१७ चा ६२८, आणि १५०/६०-१७ चा ६१२. शेवटचा आकडा पाहून काहीजण म्हणतात की १५०/६० आणि १३०/७० यांचा व्यास जवळपास सारखाच आहे, तेव्हा हरकत काय? व्यासापुरते हे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच हा पर्याय इतका मोहक वाटतो. परंतु रिमच्या रुंदीची हरकत त्याने दूर होत नाही, आणि साखळी व टायर यांच्यामधली फट कमी होते ती वेगळीच. १३०/७० च्या जागी १४०/७० घातला तर चाकाचा घेर शेकडा सव्वादोनने वाढतो; गिअर तितके जड पडतात, गाडी चढावर मंदावते, आणि ज्या गाडीत वेगाची नोंद मागच्या चाकाकडून वा गिअरबॉक्सकडून घेतली जाते तेथे काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. याहूनही गंभीर गोष्ट अशी की, आर१५ च्या २०२१ च्या आवृत्तीत जी घसरण रोखणारी यंत्रणा आली तिच्यासारख्या यंत्रणा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्याची तुलना करून निर्णय घेतात. त्या तुलनेचा पाया कंपनीने दिलेल्या टायरच्या घेरावर रचलेला असतो, आणि घेर बदलला की यंत्रणेचा निर्णय चुकण्यास वाव मिळतो.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ, कारण अखेर टायर निवडायचा तो येथल्याच रस्त्यासाठी. चंद्रपूरहून मूलकडे निघालो की लोहारा, अजयपूर, चिचपल्ली या पट्ट्यात रस्ता जंगलातून जातो आणि सायंकाळनंतर चितळ, रानडुक्कर, कधी बिबट्याही आडवा येतो. अशा वेळी ब्रेक दाबला की गाडीचा सारा भार पुढे झुकतो, मागचे चाक हलके होते, आणि गाडी थांबविण्याचे काम मुख्यतः पुढच्या टायरवर पडते. मागे कितीही रुंद रबर असला तरी तो अंतर कमी करीत नाही. ज्याला जनावरासमोर थांबायचे आहे त्याने पुढच्या टायरची आणि पुढच्या ब्रेकची काळजी वाहावी, हे मी अत्यंत आग्रहाने सांगतो, कारण या रस्त्यावर रात्री पडलेल्या मुलांना दवाखान्यात पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आष्टी ते आलापल्ली या रस्त्याची कथा निराळी. सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या अवजड ट्रकांनी तो रस्ता ठिकठिकाणी खचविला आहे, आणि खड्ड्यात आपटणाऱ्या चाकाचे रक्षण करते ती टायरच्या भिंतीची उंची. १३०/७० ची भिंत ९१ मिलिमीटर आहे आणि १५०/६० ची ९०, म्हणजे एका मिलिमीटरचा फरक. परंतु आत दबलेली, अरुंद रिमने ओढून धरलेली भिंत तितक्याच उंचीची असूनही तितकी लवचिक राहत नाही, आणि मार थेट रिमच्या कडेवर येतो. अॅलॉयची रिम एकदा वाकली की ट्यूबलेस टायरमधून हवा झिरपायला लागते. आणि एटापल्लीच्या पलीकडे, रात्री, हवा भरण्याचे यंत्र मिळेलच याची शाश्वती नसते. खरिपात धानाची रोवणी चालू असताना ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकलेला असतो. त्या चिखलावर गोटा झालेला टायर, मग तो कितीही रुंद असो, काही कामाचा नाही. तेथे रबरातल्या खाचा किती खोल उरल्या आहेत एवढाच प्रश्न असतो. त्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, जेथे पोहोचल्यावर टायर बदलावा असा कारखान्याचा इशारा असतो. बाजूच्या भिंतीवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा लहान त्रिकोण पाहून ते शोधता येतात.

भाराचा विचार तर आपण मुळीच करीत नाही. १३०/७०-१७ चा ठरीव भारांक ६२ असतो, त्याचा अर्थ २६५ किलोग्रॅम. बाजाराच्या दिवशी मागे पत्नी, मध्ये मूल आणि टाकीवर धानाची किंवा मोहफुलांची पिशवी, असा संसार घेऊन जाणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकावर किती भार येतो याचा अदमास प्रत्येकाने आपल्यापुरता घ्यावा. स्वस्तातला टायर घेताना भारांक कंपनीच्या आकड्याहून खाली जाऊ देऊ नये. वर गेला तर चालेल. वेगाच्या अक्षरालाही हाच नियम लागू आहे.

तेव्हा माझे मत मी स्पष्ट शब्दांत मांडतो. स्पोर्ट मोटारसायकलीच्या मागच्या टायरचे योग्य माप तेच, जे साखळीच्या झाकणावर किंवा स्विंगआर्मवर चिकटविलेल्या तक्त्यात आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते. आणि तरुणाने आपला पैसा व आपली बुद्धी रुंदी वाढविण्याऐवजी त्याच मापातला अधिक चांगला टायर शोधण्यात खर्च करावी. कंपनी स्वतःच एखाद्या गाडीसाठी दोन मापे मान्य करते तेव्हा त्यांतले कोणतेही घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मनाई करते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला अशा फेरफाराने निमित्त मिळते, ही गोष्टही मनात असू द्यावी. गाडीच्या दोन्ही चाकांना रेडियल टायर असताना एकाच चाकाला साध्या तिरप्या थरांचा टायर घालून दोन प्रकार एकत्र करू नयेत. दोघांचा स्वभाव वेगळा असतो, आणि वळणावर गाडीची दोन टोके दोन तऱ्हांनी वागू लागतात.

टायर आपल्या विदर्भातही तयार होतात, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९५८ साली मुंबईत सुरू झालेल्या सिएट कंपनीचा दुचाकीच्या टायरांचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. येथून दोन-अडीच तासांच्या वाटेवर तयार झालेला टायर चंद्रपूरच्या दुकानात पोहोचायला फारसा अवधी लागू नये. तरीही तो दुकानात किती महिने पडून होता हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. टायरच्या भिंतीवर एका लंबवर्तुळात चार अंक असतात. २३२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे पत्र्याच्या शेडखाली दोन-तीन उन्हाळे काढलेला रबर वरून नवा दिसला तरी आतून कडक झालेला असतो, आणि भिंतीला बोटाने दाबून वाकवून पाहिले तर बारीक भेगा दिसू लागतात.

उष्म्याचाच आणखी एक परिणाम हवेवर होतो. टायरमधील हवा तापली की तिचा दाब वाढतो, तापमानाच्या दर दहा अंशांना चौरस इंचास सुमारे दीड पौंड. सबब हवा सकाळी, गाडी उन्हात काढण्यापूर्वी तपासावी. दुपारी पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडून देऊ नये, कारण संध्याकाळी तोच टायर गार झाला की तो कमी हवेवर चालेल आणि कडा झिजतील. पुस्तिकेतला आकडा थंड टायरसाठीच असतो. मागे दुसरा माणूस बसणार असेल तर त्या पुस्तिकेत बहुधा वेगळा, थोडा अधिक आकडा दिलेला असतो, तोही वाचावा.

दुकानदाराने टायर खाली उतरवून समोर ठेवला की दिवसाच्या उजेडात तक्त्याशी त्याचे माप ताडून पाहावे, चार अंकांची तारीख वाचावी, भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने लागतो आहे ना हे पाहावे, आणि हवा भरल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते आहे की एखाद्या ठिकाणी आत गेली आहे हे चाक हाताने फिरवून तपासावे. रेषा आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा बसवायला सांगावे, आणि कारागिराने त्रागा केला तरी हटू नये. त्यानंतरही नव्या रबरावर साच्यातला निसरडा थर असतो, तो घासून जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार न कलवता, ब्रेक हळूच दाबत चालवावी. आणि तो शंभर किलोमीटरचा प्रवास पावसात पडणार असेल तर टायर बदलण्याचे काम दोन दिवस पुढे ढकलावे.